पोटातला गोळा

आई,
तुला वाकून नमस्कार आणि धाकटीच्या डोक्यात एक टपली.

भाजलेला हात पूर्ण बरा झालाय, काळजी नसावी. एक मात्र सांगायचं राहिलं होतं. कॅन्टीनमध्ये कुकर फुटला तेव्हापासून शिटी वाजली की मी बाहेर पळायचो. सगळे हसायचे, मीही हसायचो. शेवटी मॅनेजरने एका बाईंकडे पाठवलं. त्या शरीराच्या वाटेने मनावर उपचार करतात.

"भीती वाटली की काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पोटात गोळा येतो."

"केवढा?"

मला वाटलं थट्टा करतायत, पण नाही. मी हातानेच दाखवला, नारळाएवढा.

त्यांनी मला पाय घट्ट रोवून भिंत ढकलायला लावली, श्वास सोडताना गुणगुणायला लावलं. ढकलता ढकलता माझ्या मांड्या लटलटायला लागल्या.

"थांबवू नका," त्या म्हणाल्या. "तेव्हा पळता आलं नाही ना, ती धाव अंगात अडकलीय."

मी हमसून रडलो आणि मग कडकडून भूक लागली. असं बऱ्याचदा केलं.

काल शिटी वाजली. छातीत धस्स झालंच, पण पाय रोवले, श्वास सोडला आणि गॅस मीच बंद केला. गोळा आता लिंबाएवढा उरलाय.

तुझं काय? गुडघा कसा आहे? बाबा गेल्यापासून तू फोनवर "मी मजेत" म्हणतेस, पण मध्येच श्वास धरून ठेवतेस, ते मला इथे ऐकू येतं. रविवारी फोन केला की आधी दोघं मिळून गुणगुणू. रडू आलं तर येऊ दे. मी फोन ठेवणार नाही.

तुझा,
थोरला