सही-शिक्क्याची नक्कल

मुसफ्फा, अबुधाबी
रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

ती. स्व. रंजिताताईस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

सेफ्टी बुटांच्या लेस धुऊन खाटेच्या दांडीवर वाळत घालत होतो, तेव्हा राजनरावांचा फोन आला. मेमध्ये रजा मंजूर झाली म्हणाले. म्हणजे तुमचे लग्न मेमध्ये. आनंद झाला, पण पुढे त्यांनी एक कागद मागितला.

लग्नाची नोंदणी करताना दोघांच्याही आधीच्या घटस्फोटाची कोर्टातली नक्कल लागते. ती नसेल तर नोंद नाही, नोंद नाही तर तुझा व्हिसा नाही. त्यांनी स्वतःची पुण्याच्या फॅमिली कोर्टाची नक्कल फोटो काढून पाठवली. प्रत्येक पानावर गोल शिक्का, वर अर्जाचा नंबर. तुझी कुठे आहे, असे विचारले. मी लगेच सांगितले की आहे, सगळे रीतसर झाले आहे.

झालेच आहे ना? २०१४ च्या मेमध्ये भिवाकाकांनी बैठक बसवली आणि फारकतीचा कागद मीच लिहिला. माझे अक्षर चांगले म्हणून गावकीने मला पन्नास रुपये बक्षीसही दिले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात जाऊन शिक्का मारून आणला, मी बरोबर होतो. तेव्हा कोर्टात नोंद असणारच. एवढेच कर. नकलेचा अर्ज लिही. त्यात तुझे माहेरचे आणि सासरचे पूर्ण नाव, सुजीतचे पूर्ण नाव, साल २०१४ घाल. नंबर माहीत नाही, म्हणून शोध घ्यावा अशी विनंती लिही. अर्जावर कोर्ट फीचे तिकीट लाव. तीन नकला माग. प्रत्येक पानावर शिक्का आणि शेवटी सही आहे का, ते तिथेच उभी राहून बघ. आधार कार्डाची झेरॉक्स ने, आणि एक जादा ने.

हे फोनवर बोललो नाही, कारण आईला ऐकू कमी येते म्हणून तू स्पीकर लावतेस, आणि आपला स्पीकर म्हणजे अर्धी वाडी. माझ्या खोलीतला दापोलीचा अक्रम रजेवर निघाला आहे, त्याच्या हाती पत्र देतो.

धाकट्यावर आहे तशीच माया ठेव, आणि नकलेचे लवकर कर.

तुझा,
धनंजय

---

वरचे कोंडगाव
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. धनंजय यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र अक्रम स्वतः घरी देऊन गेला. आईने त्याला घावणे वाढले. त्याने सहा खाल्ले. बाकी सगळे खुशाल.

आता कामाचे. तालुक्याच्या कोर्टात गेले तर म्हणाले, घटस्फोटाचे अर्ज इथे चालत नाहीत, वरिष्ठ स्तर न्यायालयात जा. मग दुसऱ्या दिवशी एसटीने तिथे. नकला देणारी अन्वरी म्हणून बाई आहे, फार चांगली. तू सांगितलेला अर्ज दिला. तिने आधी कॉम्प्युटरवर दोघांच्या नावाने बघितले, मग २०१४ चे रजिस्टर, मग १३ आणि १५ चेही. माझे नाव कुठेच नाही. तिने विचारले, घरी काही कागद आहे का. मी आपली फारकत पुढे केली.

तिने ती अथपासून इतिपर्यंत वाचली. अक्षराचे कौतुक केले. मग हळूच म्हणाली की हा शिक्का नोटरीचा आहे, कोर्टाचा नाही. नोटरी कोर्टाच्या आवारात वडाखाली टेबल टाकून बसतो, म्हणून गावाकडची माणसे त्यालाच कोर्ट समजतात, असे आठवड्याला एक तरी येते. न्यायाधीशापुढे हे गेलेलेच नाही. सरकारच्या लेखी मी अजून सुजीतचीच बायको.

मला तिथेच हसू फुटले. ती घाबरली बिचारी. अकरा वर्षे तू ज्याला शिव्या घालतोस, तो अजून तुझा भाऊजीच आहे, आता दिवाळीला त्याला शर्टपीस पाठव. पण स्टँडवर चहा घेतला तो मात्र अर्धा तसाच ठेवून एसटीत बसले.

भिवाकाकांना विचारले. ते म्हणाले, आपल्यात असेच चालत आले आहे. आई तेव्हापासून जेवायला नीट बसत नाही. राजनरावांना काय सांगायचे ते तू ठरव. पण खोटे सांगू नकोस.

जिवाला जप, उन्हात टोपी घाल.

तुझी,
ताई

---

मुसफ्फा
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५, रात्री ८ वाजून ४० मिनिटे

ती. स्व. ताईस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

डबा तसाच ठेवून लिहायला बसलो आहे. तुझे पत्र चार वेळा वाचले. तो वड आठवला, ते टेबल आठवले, टेबलावर दगडाखाली ठेवलेले कागदही आठवले. मी विचारायला हवे होते की न्यायाधीश कुठे आहेत. विचारले नाही. मला वाटले, चुका न करता लिहिले म्हणजे बरोबर लिहिले.

खरे तेच सांगतो. वर्कशॉपमधला एक जण म्हणाला, नक्कल शिक्क्यासकट बनवून मिळते, पाचशे दिरहम, म्हणजे साडेअकरा हजार. खलास, काम झाले. मी दोन रात्री त्यावर विचार केला. मग तुझे शेवटचे वाक्य पुन्हा वाचले, आणि आज सकाळी बस बदलत बदलत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला राजनरावांकडे गेलो. वाटेत ठरवले होते की नकलेला उशीर होतो आहे, एवढेच सांगायचे. राजनरावांनी चहा केला. त्यांचा चेहरा बघून मी सगळेच सांगून टाकले. वड, नोटरी, माझे पन्नास रुपये, सगळे. त्यांनी दोन्ही कप विसळून ठेवले. मग म्हणाले की विचार करून फोन करतो, आणि मला बसपर्यंत सोडायला आले. वाटेत फक्त उकाड्याबद्दल बोलले. ताई, फेब्रुवारीत इथे उकाडा नसतो.

मी तुझे जमलेले मोडून आलो की काय, हेच डोक्यात फिरते आहे. तू रागावलीस तरी पत्र लिही.

तुझाच, आणि तुझ्या रागालाही पात्र,
धनंजय

---

वरचे कोंडगाव
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. धनंजय यास,
अ. उ. आशीर्वाद.

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे. राजनरावांचा मला फोन आला होता. बारा दिवस घेतले, पण आला. मी परसात जाऊन बोलले, स्पीकर न लावता. म्हणाले, तुमचा भाऊ चहात साखर घालता घालता पाचव्या चमच्याला पोचला, तेव्हाच कळले की याला खोटे बोलता येणार नाही. त्यांच्या पहिल्या लग्नात सगळी लपवाछपवीच होती म्हणे. मेमध्ये नाही तर डिसेंबरमध्ये, इन्शाल्ला, असे म्हणाले. हे इन्शाल्ला आता मलाही म्हणावे लागणार का, ते विचारून कळव.

मग वकील गाठला. तो म्हणाला, दोघांच्या संमतीने अर्ज करा. सहा महिने थांबावे लागते, पण अकरा वर्षे वेगळे राहिलात म्हणून ती अट माफ करायची विनंती करू. म्हणजे सुजीतची सही हवी. मी आणि आई त्याच्या दारात गेलो. त्याला वाटले पोटगी मागायला आलो. सही देणार नाही म्हणून बसला. त्याची बायको सुचित्रा मुलाचे, वेदांगचे दप्तर भरत होती. तिने सगळे ऐकले आणि नवऱ्याला एवढेच विचारले की ही तुमची बायको, तर मग मी आठ वर्षे कोण? दुसऱ्या दिवशी तीच त्याला मोटारसायकलवर मागे बसवून वकिलाकडे घेऊन आली. आता निकालानंतर त्यांनाही पुन्हा लग्न करावे लागणार. सुचित्रा म्हणाली, या खेपेला मंगळसूत्र जड घेईन. मला ती आवडली रे.

जेवत जा वेळेवर. तुझ्या पाठीशी मी आहेच.

तुझी,
ताई

---

वरचे कोंडगाव
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

चि. धनंजय यास,
अ. उ. आशीर्वाद.

गणपतीची साफसफाई अर्धी टाकून लिहिते आहे. निकाल झाला. नकलाही मिळाल्या, अन्वरीने स्वतः शिक्के मोजून दिले. एक सोबत पाठवते.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी सुजीतला बाजूला उभे केले आणि मला विचारले की हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने करता आहात ना, कोणाचा दबाव नाही ना. मला आपली चूल आठवली. बैठक बसली तेव्हा मी चुलीपाशी पंचांचा चहा करत होते. तुझ्या कागदात ‘दोघे राजीखुशीने’ असे सुंदर अक्षरात लिहिलेले आहे. पण तेव्हा मला कोणी विचारलेच नव्हते. तूही नाही. तू सोळा वर्षांचा होतास, तुला कुठून कळणार. न्यायाधीश बाईंनी पुन्हा विचारले, तेव्हा मी हो म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले.

राजनरावांना नकलेचा फोटो पाठवला आहे. डिसेंबर पक्का. तू रजा मागून ठेव.

तुझी,
ताई

---

मुसफ्फा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ५ मिनिटे

ती. स्व. ताईस,
धनंजयचा शि. सा. न. वि. वि.

नक्कल मिळाली. हात साबणाने धुऊन, पुसून, मगच उघडली. आठ पाने, आठ शिक्के. त्यात ‘अर्जदाराने न्यायालयासमोर सांगितले’ असे एक वाक्य आहे. ते तुझे आहे. ते वाचून मी उठून बाहेर गेलो आणि बराच वेळ कंपनीच्या बसांच्या रांगेत उभा राहिलो.

‘राजीखुशीने’ हा शब्द मला भिवाकाकांनी सांगितला आणि मी लिहिला. स्वयंपाकघर दहा पावलांवर होते. उठून विचारले असते तर चहासुद्धा निवला नसता. तू माफ केले आहेस हे कळते, पण मी लिहून ठेवतो आहे.

डिसेंबरची रजा मंजूर आहे. नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला येतो, पण त्याआधी तुला समोर बसवून विचारीन. हसू नकोस.

हिशेब खाली देतो. तुझा लोभ मात्र यात धरलेला नाही, तो असाच राहू दे.

तुझा,
धनंजय

खर्च :
वकील १५,००० रुपये
कोर्ट फी, टायपिंग, नकला १,१४० रुपये
तुझे एसटीचे भाडे ८६० रुपये
एकूण १७,००० रुपये, म्हणजे ७३० दिरहम
माझा दुबईचा बसप्रवास ६० दिरहम

देणे :
अक्रमला ३०० दिरहम, वकिलासाठी उसने घेतलेले, या पगारात फिटतील
ताईला ५० रुपये, मे २०१४ पासून