अप्पा, वास येत नव्हता तर सांगायचंत ना!

प्रिय अप्पा,

तुमचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा मला एक शब्दही सुचला नव्हता. आज लिहितेय, कारण आज तुमचा भयंकर राग आलाय आणि भांडायला समोर तुम्ही नाही.

रविवारी उत्तनला मासळी आणायला गेले होते, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तुमच्या नेहमीच्या कोळणीने, रोझीमावशीने, मला लगेच ओळखलं. मी पापलेट उचलून त्याचा कल्ला नाकाशी नेला, तशी ती हसली.

"तुझा बापूस पन असाच हुंगायचा. पडल्यापासून न्हाय. मला बोलला, 'मावशी, मला वास येत नाही, तूच बघून दे. घरी सांगू नको.'"

घरी सांगू नको? घरी होतं कोण हो? आई गेल्यावर भाईंदरच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही आणि मी, एवढेच ना?

तुम्ही सोसायटीच्या जिन्यावर घसरलात, डोकं मागून आपटलं. हॉस्पिटलात त्यांनी तुम्हाला बोटं मोजायला लावली, नाव विचारलं, चालून दाखवायला सांगितलं. स्कॅन ठीक निघाला. "काही नाही, घेऊन जा." वास येतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आठवड्याभरात तुमचं सुरू झालं. "सुमे, आमटी पांचट झालीय गं." दुसऱ्या दिवशी भाजी पुठ्ठ्यासारखी. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "तुझ्या आईच्या हाताची चव काही तुला आली नाही." अंधेरीहून ऑफिस करून येऊन मी पोळ्या लाटत होते, अप्पा! लाटणं आपटून म्हणाले, "मग उद्यापासून तुम्हीच करा."

त्यानंतर तुम्ही तक्रार करणं सोडलंत. नुसतं मीठ घालून घ्यायला लागलात. वरणात मीठ, दह्यात मीठ, वर मिरचीचा ठेचा. तुमचं बीपी आधीच वर. मी मिठाची बरणी कपाटात बंद केली, तर तुम्ही शेजारच्या भाभींकडे जाऊन लोणचं खाऊन आलात! मी तुम्हाला लहान मुलासारखं रागावले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. तेव्हा तरी बोलायचंत!

आणि ते बांगडे? स्टेशनजवळच्या बाजारातून आणलेले. कढईत टाकल्याबरोबर घरभर घाण सुटली. मी खिडक्या उघडत सुटले आणि तुम्ही शांतपणे ताटावर बसून खात होतात. मी म्हणाले, "अप्पा, सडलेत ते!" तुम्ही म्हणालात, "चांगले आहेत. तुलाच नखरे." मला वाटलं, आणलेली मासळी खराब निघाली हे कबूल करायचं नाही म्हणून हट्टाने खाताय. मी तुमच्या पुढ्यातलं ताट उचललं. तुमचा हात तसाच राहिला. तो हात मला आता रोज दिसतो.

पुढच्या रविवारपासून उत्तनची सुरेख मासळी यायला लागली. मी काय म्हणाले, आठवतं? "बघा, लक्ष दिलं की जमतं!" तुम्ही हसलात. कसे हसलात हो तुम्ही?

काल तुमची फाईल घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी नीट समजावलं. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं, शिवाय रश्शाचा तो मटणाळ रुचकरपणा. बस, एवढंच. मिरची ही तर चवच नाही, ती नुसती आग. आमटीतली हिंगाची फोडणी, कोथिंबीर, कढीपत्ता, हे सगळं घास चावताना घशामागून वर नाकात जातं आणि तिथे ओळखलं जातं. आपण त्याला जिभेची चव म्हणतो. नाकातून मेंदूकडे जाणारे धागे केसापेक्षा बारीक असतात, चाळणीसारख्या हाडातून जातात. डोकं जोरात आपटलं की तुटू शकतात.

म्हणजे तुमच्या ताटात जिभेला जोरात कळावं असं उरलं होतं ते खारट आणि तिखट. तेवढंच तुम्ही मागत होतात. आणि मी तेही बंद केलं.

मी विचारलं, "मीठ खाऊनच त्यांना तो जीवघेणा झटका आला का?" त्या म्हणाल्या, "असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. बीपी होतंच." मग विचारलं, "तेव्हाच आणलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "लवंग, लिंबू असे वास रोज हुंगायला देऊन सराव करून घेतला असता. काहींचा थोडा परत येतो. खात्री नाही. पण निदान तुम्हाला कळलं असतं."

निदान कळलं असतं! अख्खी बिल्डिंग मासळी पारखायला तुम्हाला सोबत न्यायची, तो मान जाईल म्हणून लपवलंत ना? की तुम्ही सांगितलं होतंत, पुन्हा पुन्हा सांगितलं होतंत, आणि मला ते टोमणे वाटले? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून तर चिडचिड थांबत नाही.

आज सकाळी भाभी दारात उभ्या राहून सांगत होत्या, "बुखार के बाद से मम्मीजी का रोज का नाटक है, सुमनजी. बोलती हैं, खाने में स्वाद नहीं."

मी जवळजवळ ओरडलेच, "भाभी, उनको पूछा क्या, खुशबू आती है या नहीं?"

त्या आत जाऊन विचारून आल्या. म्हातारी सासू रडायला लागली म्हणे.

अप्पा, शनिवारी मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेणार आहे, भाभींना वेळ असो वा नसो. आणि यापुढे कुणी ताट बाजूला सारलं, तर आधी विचारेन, मग बोलेन. हा माझा शब्द. तुम्हाला मात्र माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

तुमची भांडकुदळ,
सुमी