चिनाराच्या सालीला खळ

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे, शिडीवरून उतरताना कंबर धरली.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? निवृत्त झाल्यापासून बागखात्याची आठवण येते की नाही? इकडे सर्व ठीक आहेत, मी सोडून.

आमच्या बाइंडिंगच्या दुकानासमोरचा चिनार तुम्ही पाहिला आहे. महिन्यापूर्वी त्याची साल सुटायला लागली. रोज सकाळी पायरीवर तळहाताएवढे पापुद्रे! जन्म गेला फाटकी पुस्तकं शिवण्यात. कुठे काही सुटलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. घमेलंभर खळ शिजवली, पापुद्रे जागच्या जागी चिकटवले (सांधा शोधून दाखवावा), वरून बाइंडिंगचं कापड ओढून सुतळीने आवळलं. तुमची भाचेसून म्हणाली, “आता पुठ्ठा घाला आणि पाठीवर नाव छापा.” दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या आणि चौथ्या दिवशी कापडासकट सगळं खाली आलं. माझा धीर सुटला. बागखात्याच्या कचेरीत अर्ज गेला की झाड रोगट आहे, इलाज व्हावा. पण त्यांच्या छापील कागदावर इलाजाला रकानाच नाही, तोडण्याला आहे. परवा एक माणूस येऊन बुंध्यावर लाल फुली मारून गेला. सोमवारी करवत येणार.

फुली मारणारा जाता जाता हसून म्हणाला, “अहो, याला काय धाड भरलीय? साल टाकणं हा याचा स्वभावच आहे. धूर, काजळी सालीवर घेतो आणि साल टाकून मोकळा होतो.” मामा, तेव्हा मी त्या झाडाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन वीत मातीत उभं आहे. मालाचे ट्रक त्याला घासतात, तारवाले फांद्या छाटतात, आणि शेजारचा न्हावी रोज साबणाचं पाणी मुळाशी ओततो. तरी तक्रार नाही, उलट अर्ध्या गल्लीवर सावली! आणि आतली नवी साल कशी, तर ताज्या लोण्यासारखी. मला त्याचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज. हे झाड गेलं तर मला त्या दारात बसवणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी सकाळी दहाच्या आत तुम्ही कचेरीत हजर व्हावं. अर्ज मागे घ्यायला अर्जदार स्वतःच लागतो, आणि जाणत्या माणसाच्या शब्दाला वजन असतं म्हणून अर्ज तुमच्या नावाने केला आहे. (तीस वर्षं झाडं सांभाळलेला माणूस चिनाराच्या सालीला घाबरला, यावर कचेरीत बरीच करमणूक झाली म्हणे. तुम्ही मनावर घेऊ नये.)

ता. क. दुसरा. दोन्ही सह्या जुळाव्या लागतात. मी केलेल्या तुमच्या सहीचा नमुना सोबत जोडला आहे. प्रवासात गिरवून घ्यावी.