अकरा कोरे दाखले

मी, शालिनी नरहर मुळावकर, वय ७१, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार शाहपुरा, भोपाळ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मालमत्तेची व्यवस्था लावून ठेवत आहे. मसुद्यात वकिलांनी ‘स्वखुशीने’ असे घातले होते, ते मी खोडले. स्वखुशीच्या कामांचे काय होते ते मी पाहिले आहे.

१. माझा वजनकाटा व परीक्षानळ्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेला द्याव्यात.

२. पितळी बादली अलका वानखडेला. १९९४ साली आमच्या महिला मंडळाने फॉस्फेट नसलेली कपडे धुण्याची पावडर काढली, कारण फॉस्फेटच्या पाण्याने तळ्यात जलपर्णी माजते. कायद्याची सक्ती नव्हती, आम्ही आपणहून ठरवले. पाकिटावर निळ्या थेंबाची खूण आणि प्रत्येक खेपेला माझ्या तपासणीचा दाखला. घरात हीच पावडर वापरू, या सगळ्या बायकांच्या प्रतिज्ञेवर पहिली सही अलकाची. फेस येत नाही म्हणून महिन्याभरात बाजारची पावडर आणणारीही पहिली तीच. आता बादलीत काय घालायचे ते तिने ठरवावे.

३. शिफ्टमुळे मला सवड नसे, म्हणून कोऱ्या दाखल्यांच्या अख्ख्या पुस्तकावर मी आधीच सह्या करून ठेवल्या. प्रयोगशाळेत सगळेच तसे करत. ही चूक माझी. मंडळ मोडल्यावर पावडरीचा धंदा आणि ते पुस्तक मुलगा उदय याच्याकडे गेले. गेल्या चैत्रात त्याचे पाकीट मी घरी तपासले. नळी गडद निळी झाली, म्हणजे फॉस्फेट भरपूर. त्याला विचारले तर जेवता जेवता म्हणाला, “आई, खूण ऐच्छिक आहे. चेक कोण करणार?” चेक करणारी त्याच्या समोर बसली होती. मला त्या दिवशी फार लाज वाटली.

४. हे घर उदयला मिळेल, पण माझ्या पश्चात तीन महिन्यांत त्याने पाकिटावरची खूण काढून, ती खोटी होती अशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिली तरच. न दिल्यास घर मुलगी कांचन हिचे. हे ऐच्छिक नाही.

५. उदयकडे माझ्या सहीचे अकरा कोरे दाखले अजून शिल्लक आहेत. मी गेल्यानंतरच्या तारखेचा दाखला कोणाला दिसला, तर त्यावरची सही माझीच आहे, मजकूर माझा नाही.

शालिनी नरहर मुळावकर

साक्षीदार: बाईंनी सगळा मजकूर आधी पूर्ण केला, आम्हांला वाचून दाखवला आणि मगच सही केली.
सुभाष गजानन देवपुजारी
वंदना दिलीप टेंभेकर

भोपाळ, ७ सप्टेंबर २००९