ट्रान्समीटरच्या खोलीची किल्ली

तीर्थरूप मामांना एका हाताने नमस्कार (दुसरा माउसवर आहे),

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ट्रान्समीटर घोंघावतोय तोवर जेवायचं, गप्प झाला की ताट सोडून उठायचं." निवृत्त झालात, तरी त्याच्या शेजारच्या खोलीत राहून तुम्ही अजून ताट सोडून उठता, म्हणून हे पत्र. खोकला कसा आहे? फोन उचलला असतात तर एवढं लिहावं लागलं नसतं. जनरेटरचं डिझेल घेऊन वर येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर पत्र आणून देईल. त्याला चहा द्या, उपदेश नको.

आता सोमवारचा गोंधळ. आम्ही ट्रान्समीटरला रिमोट बसवला. म्हणजे टेकडीवर न येता मला तो स्टुडिओतून चालू-बंद करता येतो. त्याचं तापमान, कुठलं दार उघडं, सगळं पडद्यावर दिसतं. (हे मी समजावलं तेव्हा तुम्ही "बरं" म्हणालात. तुमच्या "बरं"चा अर्थ मला एव्हाना कळायला हवा होता.) पूर्वी दुपारी प्रसारण थांबायचं, तेव्हा तुम्ही ट्रान्समीटरचं कपाट उघडून आतली धूळ पुसायचात. आता प्रसारण थांबत नाही, पण फडकं थांबलेलं नाही. तुम्ही कपाट उघडलंत, आणि कुणाला झटका बसू नये म्हणून ट्रान्समीटर आपोआप बंद पडला. दार लागल्याचं दिसताच मी तो इथून चालू केला. खोलीत तुमच्याशिवाय कुणी नाही आणि यंत्र आपलं आपण सुरू झालेलं, तेव्हा तुम्हाला वाटलं बिघडलं. तुम्ही बंद केलंत. मला वाटलं बिघडलं. मी चालू केलं. आपण दोघं एवढे चिवट, की बातम्यांचं एकच वाक्य सगळ्या शहराने घासाघासाने ऐकलं.

आमचे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. "कोण आहे तिकडे?"

"माझे मामा."

"काढून टाका त्यांना."

"ते निवृत्त आहेत, साहेब. काढणार कुठून?"

तेवढ्यात तुम्ही ट्रान्समीटरवरचं रिमोट तोडायचं बटणच फिरवून ठेवलंत आणि माझा पडदा मुका झाला. मी धापा टाकत टेकडीवर आले, तर तुम्ही स्टूल घेऊन कपाटाला हात लावून बसलेले. म्हणालात, "आत्ताच शांत झालाय. उठवू नकोस." मी हसले नाही, पण केवळ साहेब सोबत होते म्हणून.

साहेबांचा हुकूम असा: ट्रान्समीटरच्या खोलीची किल्ली ड्रायव्हरकडे द्यावी, आणि वर कुणाची गरज उरली नसल्याने राहती खोलीही महिनाअखेर रिकामी करावी. रिमोट मीच बसवला, त्यामुळे हा हुकूम लिहिताना माझं अक्षर बिघडलंय.

तुमची भाची

ता. क. रोज सकाळी तुम्ही ट्रान्समीटरच्या खोलीत शिरता तेव्हा माझ्या पडद्यावर एक लाल ठिपका उमटतो. मामी गेल्यापासून तुम्ही फोन घेत नाही, त्यामुळे तुमची खुशाली मला त्या ठिपक्यावरूनच कळते. शुक्रवारी तो उमटायला उशीर झाला, तर मी दोनदा गाडीची चावी हातात घेतली. (मग उमटला. झोप लागली होती ना?) किल्ली गेल्यावर तोही बंद.

पुन्हा ता. क. आमच्याकडची मागची खोली रिकामी केली आहे. तुमच्या जावयांनी खिडकीपाशी पलंग लावलाय. राहायला या. "माझं इथे बरं चाललंय" हे तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. नाहीच म्हणायचं असेल तर चिठ्ठी पाठवू नका. ड्रायव्हरच्या शेजारी बसून या, आणि मला समोर बसवून नाही म्हणा.