खंडेनवमीला उघडलेला संगणक

आबा, तुम्ही संगणक पाहिला नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या इंदापूरच्या वर्कशॉपमधलं सगळ्यात नवं यंत्र म्हणजे हवा मारायचा कंप्रेसर, आणि त्याचं तुम्हाला इतकं कौतुक की पाहुण्यांना चहाच्या आधी त्याचा आवाज ऐकवायचात. म्हणून आधी एवढं सांगतो, की संगणक म्हणजे टीव्हीसारखा एक पडदा आणि त्याच्या शेजारी उभा ठेवलेला पत्र्याचा खोका. पडदा नुसता तोंड दाखवतो, काम सगळं खोका करतो. आपल्या घरात पडदा मी आणि खोका तुम्ही, असं तुम्ही लगेच म्हणाला असतात, चार गिऱ्हाइकांना हसवलं असतं, आणि मी तुमच्याशी तासभर वाद घातला असता.

आता आम्ही कोऱ्हाळ्याला वस्तीवर राहतो. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात आहे, सकाळी मोटारसायकलला किक मारतो आणि संध्याकाळी उगवतो. सून भिगवणची. तिच्या वडिलांचं हायवेला मासळीचं हॉटेल आहे, त्यामुळे चार टेबलांवरच्या गोंगाटात आपलं म्हणणं पलीकडे पोचवायची विद्या तिला माहेरूनच मिळालेली. ती इमारतींचे नकाशे काढते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी, आणि ते इथे बसून, जिथे पूर्वी खताची पोती रचलेली असायची त्या खोलीत. कंपनीला ते फारसं पसंत नव्हतं. परत पुण्याला या, असा त्यांचा लकडा चालू होता. शेवटी तिने एक संधी मागून घेतली. परदेशातल्या गिऱ्हाइकाला एका मोठ्या शाळेचा पूर्ण नकाशा ती इथूनच, पडद्यावर, दुपारी चार वाजता समजावून सांगणार. नीट पार पडलं तर कायम इथे, नाही तर दिवाळीनंतर बाडबिस्तरा गुंडाळून पुणे. सून जाणार म्हणजे मुलगा जाणार, आणि मुख्य म्हणजे तुमची पणती जाणार, जी आत्ता कुठे मला ‘आजा’ म्हणायला लागली आहे.

तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. परदेशातल्या माणसांना आपली खंडेनवमी काय ठाऊक?

जेवणं झाली आणि तिने खोक्याचं बटण दाबलं. दिवा लागला, पडद्यावर संगणकाच्या कंपनीचं चित्र आलं, आणि सगळं काळंठिक्कर. मग आपोआप पुन्हा दिवा, पुन्हा चित्र, पुन्हा काळोख. आचके दिल्यासारखं. तिने वायरी काढून परत लावल्या, दुसऱ्या भिंतीवरचा प्लग वापरून पाहिला, पण नाही. मी खोलीच्या दारात उभा राहून, गावोगावी व्याख्यानं देणाऱ्याच्या सवयीने, यंत्रयुगातल्या माणसाच्या परावलंबित्वावर बोलायला सुरुवात केली. दुसरंच वाक्य होतं. सून मागे वळूनही न बघता म्हणाली, “मामा, सभा नंतर घेऊ. आधी बारामतीला फोन लावा त्या दुरुस्तीवाल्याला.”

लावला. दुरुस्तीवाला मोठा अदबीचा माणूस. म्हणाला, “सर, आज खंडेनवमी. हत्यारं पुजलीत. आज पेचकसाला हात लावत न्हाय आमी. उद्या दसरा. परवा सकाळी पहिलं काम तुमचं.” मी त्याला सांगितलं की बाबा रे, श्रमाची पूजा श्रम थांबवून होते का? त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, तुमचं भाषान ऐकलंय मी, लई भारी असतंय. परवा या.”

आबा, तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. कारण हाच मुद्दा मी तुमच्यासमोर मांडला होता, मला मिसरूड फुटत होतं तेव्हा. नुकतीच चार पुस्तकं वाचलेली, आणि ती चार सगळ्या जगाला वाचून दाखवायची घाई. ती खंडेनवमीची सकाळ मला आजही दिसते. वर्कशॉपच्या दारात झेंडूचं तोरण, आत रॉकेलचा वास, बाकावर इंजिनं दुरुस्तीला घेऊन आलेले शेतकरी बसलेत, आणि मी मधोमध उभा राहून काम थांबवून लोखंडाला कुंकू लावण्यातली गुलामी उलगडून दाखवतोय. तुम्ही मध्ये बोलत नाही. इंजिनाचा एक एक भाग सुटा करून रॉकेलच्या घमेल्यात बुडवताय. माझं संपतं. तुम्ही चिंध्यांचा बोळा माझ्याकडे फेकता. “झालं बोलून? घसा सुकला आसंल. आता त्यो पिस्टन पूस. आन् नीट पूस, तुझ्या भाषानागत वरवर नगं.” बाकावरचे सगळे खो खो हसतात. मी तो पिस्टन रागारागाने इतका पुसला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही, की सकाळपासून दुपारपर्यंत तुम्ही फक्त उघडणं, धुणं, पुसणं आणि वंगण घालणं एवढंच करत होतात. फुलं आणि कुंकू शेवटी, घाईघाईत, हात धुता धुता.

आणि तरीही तुम्ही रीत मोडायचात. एका खंडेनवमीला पूजा आटोपलेली, पाने आणि पेचकस पाटावर ओळीने मांडलेले, आणि पळसदेवकडून एकजण धापा टाकत आला. इंजिन बंद पडलंय, लागणीचा ऊस, पाणी अर्ध्यात थांबलंय. आईने डोळ्यांनी खुणावलं, आज नको. तुम्ही पाटावरचा पाना उचलला, त्याचं कुंकू विजारीला पुसलं आणि म्हणालात, “देवाला सांग, कामावर गेलाय म्हनून. त्याला समजतंय.” मी ते बघितलं आणि मला तुमचा हेवा वाटला. मी जे तासभर बोलून सिद्ध करू शकलो नाही ते तुम्ही एका विजारीवर करून दाखवलंत. वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा गावातल्या सगळ्यांनी पेन दिली. तुम्ही पेचकसांचा संच दिलात, लाल मुठींचा. “पेनं चिक्कार हायती तुझ्याकडं,” एवढंच बोललात.

तो संच आमच्या घरात पाटावर मांडला होता, हळदकुंकू लावून, कोयत्याच्या आणि खुरप्याच्या शेजारी. आमच्या नवराबायकोत एक जुना तह आहे. ती पूजा करते, मी भाषण करतो, आणि कुणी कुणाच्या कामात ढवळाढवळ करत नाही. आज तहाचा भंग माझ्याकडून झाला. मी पाटावरचा पेचकस उचलला.

“अहो, पूजेतलं हत्यार हाय ते!”

“देवाला सांग, कामावर गेलाय.”

ती दचकली. तुमचं ते वाक्य तिने नवी नवरी असताना तुमच्याच तोंडून ऐकलं होतं. मग पदर खोचून म्हणाली, “मग नुसतं उभं काय ऱ्हाताय, घड्याळाकडं बघा की.”

सुनेने तेवढ्यात एक हुशारी केली. खोका बंद पडण्याच्या आधी पडद्यावर एक इंग्रजी ओळ क्षणभर चमकून जात होती, डोळा लवतो न लवतो तोच गायब. तिने मोबाईलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि नेमकं त्या जागी थांबवून वाचलं. “मामा, आतला पंखा फिरंना, असं म्हणतंय हे. आतली मेन चिप तापतीय, मग जळू नये म्हणून आपणच बंद पडतंय.” मला त्या खोक्याबद्दल आदर वाटला. तापल्यावर आपण होऊन गप्प बसणं मला या वयातही जमलेलं नाही.

वायर काढली. बाजूचा पत्रा मी सोडवला, ती मोबाईलचा उजेड धरून उभी. आत काय होतं सांगू? धुळीची जाजमं. बारीक तारांवर, पात्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यात, ऊसवाहतुकीच्या रस्त्याकडेच्या घरात बसावी तशी धूळ. पंख्याला बोट लावलं तर तो अर्धा इंच हलून अडला. सून वाकली. पातं आणि चौकट यांच्या मधोमध तांदळाचा एक दाणा, वरच्या जाळीतून आत पडलेला, पक्का रुतून बसला होता. लाल. कुंकवाचा. आणि त्याच्यामागे झेंडूच्या दोन पाकळ्या.

सुनेने मान वर करून सासूकडे पाहिलं. “आत्या, मी हात जोडून सांगितलं होतं. संगणकाला हळदकुंकू नको, लांबनंच नमस्कार करा.”

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं, समजायला लागला तो एक क्षण. मग चेहरा जराही न हलवता ती म्हणाली, “हात सवयीनं गेला गं. एवढ्या डाव माफी कर.”

आता सांगा आबा, ज्याने आयुष्यभर खरं बोलण्यावर व्याख्यानं दिली त्याने इथे गप्प बसावं? माझा आवाज आपोआप सभेचा झाला. “ती नव्हे. मी. सकाळी तुम्ही दोघी उठायच्या आधी, मी.”

सुनेचा मोबाईल हलला, उजेड छताला गेला. “तुमी? मामा, तुमी? आमच्या हॉटेलात तुमच्या भाषनाची क्लिप लागली की आमचे दादा गिऱ्हाइकाला रस्सा वाढायचे थांबायचे. त्यात तुमी म्हणता, यंत्राला वंगण लागतं, कुंकू न्हाय!”

“बरोबरच म्हणतो,” मी म्हणालो. “वंगण घातलं नाही, म्हणून तर हे झालं.”

“पन केलंच का मग?” बायकोचा प्रश्न.

“आबांची आठवण झाली,” मी सांगितलं, आणि दोघी एकदम मऊ झाल्या. तांदूळ मी पेचकसाच्या टोकाने हलकेच उचकटून काढला. धुळीसाठी मऊ ब्रश हवा होता. बायकोने माझा दाढीचा ब्रश आणून दिला, सूड घेतल्याच्या आनंदात. पंख्याचं पातं बोटाने धरून मी एक एक कप्पा झाडत गेलो, आणि हातांना काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. तोच पिस्टन, तीच चिंधी. या वेळी मात्र रागारागाने नव्हे.

पत्रा न लावताच वायर जोडली. बटण दाबलं. पंखा थरथरला, फिरला, त्याची पाती दिसेनाशी झाली. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. सून खुर्चीत बसली, केस सारखे केले आणि आम्हाला दोघांना खोलीबाहेर काढून दार लावलं.

आम्ही ओसरीवर बसलो, शाळकरी पोरांसारखे. आतून तिचा आवाज येत होता, इंग्रजीतला, ठाम, भिगवणच्या हॉटेलात चार टेबलांपलीकडे पोचेल असा. वर्ग कुठे, उजेड कुठून, पाऊस आला तर मुलं कुठून चालतील. आबा, मी शेकडो सभा गाजवल्या असतील, पण असं सांगणं मला जमलेलं नाही, की ऐकणाऱ्याला त्या इमारतीत आपण उभे आहोत असं वाटावं. बायकोने नातीला मांडीवर थोपटत धरलं होतं. मी एकदा उठलो, पुन्हा बसलो. “बसा की जरा,” ती म्हणाली, “परीक्षा तिची हाय, तुमची न्हाय.”

दार उघडलं. सुनेने उंबऱ्यात उभं राहून कमरेवर हात ठेवले. “ऱ्हायचं हितंच,” ती म्हणाली. “कायम. आन् मामा, फुडच्या खंडेनवमीला तुमी आदल्या दिवशी माझा संगणक उघडून साफ करायचा. मग काय ते कुंकू, पन बाहेरून, टिकलीएवढं.” मी कबूल केलं. बायको आत चहा ठेवायला गेली आणि जाता जाता पाटावर, पेचकसाच्या रिकाम्या जागेवर, एक फूल ठेवून गेली. तह पुन्हा लागू झाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमचा पत्ता मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते बाकावरच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं असतंत. पण तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवतो, जी त्या दोघींना मी सांगितली नाही. तुमची आठवण झाली होती हे खरं, पण अर्धंच. सकाळी त्या खोलीत कुणी नव्हतं. अक्षता माझ्या मुठीत होत्या. आणि त्या पत्र्याच्या खोक्यासमोर उभं राहून मी, सत्तरी गाठलेला, पाटीवर नाव लागलं की ज्याच्या सभेला गर्दी होते असा माणूस, डोळे मिटून एक मागणं मागितलं. पोर इथेच राहू दे, एवढंच. मागितलं हे मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. मिळालं, ही खरी पंचाईत आहे.