मुसीचा डावा काठ

मी, मंगला श्रीनिवास परांडेकर, वय त्र्याहत्तर, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली ड्राफ्ट्समन (बाई असले तरी हुद्दा तोच होता), राहणार अंबरपेठ, हैदराबाद, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माझ्या नावाचं काय करायचं ते आज सांगून ठेवत आहे. मी सांगते आहे आणि वकील प्रियदर्शिनीबाई उतरवून घेत आहेत, कारण माझा उजवा हात आता पेन धरत नाही. दोन वर्षांपासून मला कंपवात आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉ. उदय जालनापूरकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. कुणाच्या दडपणाखाली मी हे करत नाही. उलट दडपण होतं तोवर मी गप्प होते. याआधीचं मृत्युपत्र या कागदानं रद्द समजावं.

१. अंबरपेठचा फ्लॅट माझा मुलगा केदार याला. त्यात वाद नाही. गॅलरीत मी कुंड्या ठेवल्या आहेत, त्या काढून तिथे काच बसवायचं तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. बसव.

२. बँकेत जे आहे ते नात मानसी हिला, शिक्षणासाठी. मानसीला मराठी अडखळत वाचता येतं. तेव्हा हा कागद तिला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा, आणि तो कुणीतरी केदार नसावा. तो मधली कलमं गाळेल.

३. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेनं आणि ट्रेसिंग पेपरची उरलेली गुंडाळी मी मागच्या मृत्युपत्रात मलकपेठचे श्री. हिम्मतराव उदगीरकर यांच्या नावे केली होती. ते आता रद्द. या मृत्युपत्रानं हिम्मतरावांना काहीही मिळणार नाही, एक टाचणीसुद्धा नाही. का, ते शेवटी सांगते. हे सगळं मानसीला द्यावं.

४. आता मुसी नदीचं. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, मिळकतीपुरतं बोला." मी म्हणाले, माझ्याकडे दुसरी मिळकत आहेच काय? लिहा.

हिम्मतराव कचेरीत मला दहा वर्षांनी वरिष्ठ. १९८३ साली त्यांनी सगळ्या हॉलसमोर माझं ट्रेसिंग फाडलं होतं. दोन शीटांचा जोड जुळला नव्हता. "बाई, नदी अशी मधेच तुटत नसते," म्हणाले. मी घरी येऊन रडले आणि पुढची पंचवीस वर्षं माझा एकही जोड चुकला नाही. पण ते फाडणं मी विसरलेले नाही, हेही इथे नमूद करावं.

मी निवृत्त झाल्यावर तेच घरी आले. म्हणाले, "बाई, मी मलकपेठला, तुम्ही अंबरपेठला. मुसी मधी आहे. तुम्ही तुमचा काठ काढा, मी माझा काढतो. बघू जुळतं का." तेव्हापासून दर गुरुवारी एक शीट. डावा काठ माझा, उजवा त्यांचा. दोघांनी नदीच्या मध्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. काठ संपला की पुन्हा पहिल्या पुलापासून सुरुवात, कारण तोवर काठ बदललेला असायचा. सुरुवातीला ते शीट घेऊन घरी यायचे. पुढे मोबाईलवर फोटो पाठवायला लागलो, तरी ते अधूनमधून यायचेच.

केदारनं ते फोटो जोडून नेटवर टाकले. मग लोक लिहायला लागले. चादरघाटजवळ आमचं रंगाचं दुकान होतं, ते घाला. कॅनडातल्या एका बाईनं चिंचेचं झाड सांगितलं. ते झाड मी माझ्या काठावर काढलं आणि दुसऱ्या आठवड्यात हिम्मतरावांनी त्याची पाण्यातली सावली त्यांच्या बाजूपर्यंत नेली. त्या बाईनं कॅनडातून फोन केला. आम्ही दोघं साधे नकाशे काढणारे. कला वगैरे शब्द आम्ही कधी वापरला नव्हता. पण ज्यांना आम्ही कधी पाहिलं नाही अशा शेकडो माणसांची घरं त्या नदीवर उभी राहिली, आणि गुरुवार उजाडला की मला जगावंसं वाटायचं. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

५. हिम्मतरावांची एक चूक मी आजवर कुणाला सांगितली नाही. निवृत्त होताना त्यांनी कचेरीतली आपली स्टीलची पट्टी आठवण म्हणून घरी आणली. तिचं टोक झिजलेलं आहे. अशा पट्टीवर ड्राफ्ट्समन एकच्या खुणेपासून मोजतो, म्हणजे पाच हवे असले तर सहावर खूण करायची. नदीच्या मध्यापर्यंतचं अंतर घेताना हिम्मतराव हमखास पाचवरच करायचे. भरायचे चार. त्यांचं पाणी दर वेळी एक सेंटीमीटर कमी पडायचं.

पहिल्या शीटला मला फार आनंद झाला. ट्रेसिंग फाडणाऱ्याचा जोड चुकला होता. सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "बघा, जुळलं की नाही?" मग माझ्यानं सांगवेना. ते गेल्यावर मी माझं पाणी एक सेंटीमीटर पुढे नेलं. त्यानंतर बारा वर्षं, दर गुरुवारी, तेवढं पाणी मी जास्त काढत आले. त्यांना नवी पट्टी आणली होती ती टेबलाच्या खणात अजून तशीच आहे. ती कुणालाही द्यावी, त्यांना देऊ नये.

६. दोन वर्षांपूर्वी माझा हात गेला. तीन गुरुवार रिकामे गेले. लोक विचारायला लागले, बरं आहे ना. केदार म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ. तुझी सहाशे शीट्स आहेत. मी कॉम्प्युटरला तुझा हात शिकवतो." त्यानं शिकवला. चौथ्या गुरुवारी माझा काठ माझ्याशिवाय निघाला. झुडपं माझी, पायऱ्या माझ्या, ते जादा सेंटीमीटरही माझंच. मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. ही माझी लबाडी, ती मी कबूल करते. हिम्मतरावांना कळवलं की गुडघे दुखतात, येऊ नका. त्यांनीही का म्हणून विचारलं नाही. दर शुक्रवारी मोबाईलच्या लहान पडद्यावर त्यांचा काठ येत राहिला, खाली दोन शब्द, "जोड बरोबर." मला वाटायचं, मी नाही तर नाही, ते तरी काढताहेत.

७. येत्या जानेवारीत जुबिली हिल्सच्या एका चित्रांच्या गॅलरीत ही नदी भिंतभर पडद्यावर लावायचं ठरलं आहे. दर गुरुवारी ती पुढे सरकेल. केदारनं त्यांना लिहून दिलं आहे की मी असो वा नसो, डावा काठ चालू राहील. त्याच्या नमुन्याची छापील शीटं घरी आली तेव्हा नदीच्या मधोमध एक काळी पट्टी दिसली. दोन्ही काठांचं पाणी एकावर एक चढलं होतं. गॅलरीच्या पत्रकात त्यावर लिहिलं होतं की इथे नदीची स्मृती दाटून आली आहे.

मी मोजपट्टी लावली. बरोबर एक सेंटीमीटर. मागची शीटं उघडून बघितली, दीड वर्षापासून प्रत्येकात तीच काळी पट्टी. म्हणजे माझ्या बाजूचं जादा पाणी येत होतं आणि हिम्मतरावांच्या बाजूचं कमी पडत नव्हतं. ते चुकायचे थांबले होते. जिवंत हिम्मतराव ती चूक सोडणार नाहीत.

केदारला विचारलं. तो म्हणाला, "त्यांच्या साइडला एक सेंटीमीटरचा ऑफसेट होता आई, एरर होता तो. मी क्लीन केला." कधी केलास? मग सगळं बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी अर्धांगानं हिम्मतरावांची उजवी बाजू गेली होती. त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, केदारलाच फोन केला होता, आणि केदारनं तिलाही हेच बसवून दिलं होतं. दीड वर्ष दोन यंत्रं एकमेकांना नदी पाठवत होती आणि आम्ही दोन म्हातारे दोन काठांवर बसून ती बघत होतो.

केदार, तू वाईट हेतूनं केलं नाहीस. दोघांना त्रास नको म्हणून केलंस. पण माझा एकुलता एक मित्र पडून होता आणि तू मला सांगितलं नाहीस, हे मी तुला माफ करू शकलेले नाही. प्रयत्न चालू आहे. पुरेसे दिवस मिळतील असं वाटत नाही.

८. त्याच दिवशी ऑटो करून मलकपेठला गेले. वैशाली दारातच रडायला लागली. "काकू, नाराज नका होऊ. दादांनी कसम घातली हो, मंगलाबाईला कळू देऊ नकोस म्हणून. दर गुरुवारी तुमचा काठ टीव्हीवर लावून द्यावा लागतो, त्याच्याशिवाय जेवत नाहीत."

ते खुर्चीत होते. त्यांची जीभ जड झाली आहे. मला बघून उजवा हात पांघरुणाखाली लपवायला डाव्या हाताची धडपड चालली. मी माझा पदराखाली धरला होता. आम्ही दोघं तसेच बसलो. मग ते म्हणाले, एकेक शब्द ओढून, "बाई. माझं तर. संपलं. तुम्ही. तरी. काढता."

मी म्हणाले, "हौ. काढते की."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथे बसवेना. घरी आल्यापासून मला झोप नाही, अन्न जात नाही. त्यांना खरं सांगितलं तर त्यांचा गुरुवार मी माझ्या हातानं मोडणार. नाही सांगितलं तर आमच्यापैकी एक जण खोट्या पाण्याकडे बघत मरणार. मला हे सहन होत नाही. कुणाला विचारावं तर विचारायचं माणूस तेच एक होतं.

९. म्हणून आज्ञा अशी. ज्या दिवशी मी या कागदावर सही करीन, त्या दिवसापासून माझ्या नावानं एकही रेघ निघणार नाही. मी जिवंत असले तरी नाही, मेल्यावर तर नाहीच. केदारनं जे शिकवलं ते त्यानं पुसावं. वकीलबाई म्हणतात, हाताचं वळण मिळकतीत धरायचं की नाही यावर कोर्टात भांडण होऊ शकतं. होऊ द्या. गॅलरीनं दाखवायचंच असेल तर हातानं काढलेली सहाशे अकरा शीटं दाखवावीत, तीही दोन्ही काठ जोडलेली. माझा काठ एकटा कुठेही लावू नये. मूळ शीटं विकू नयेत. कॅनडातल्या बाईंना चिंचेच्या शीटची एक चांगली प्रत पाठवावी, आणि ज्यांची घरं आम्ही काढली त्या सगळ्यांना केदारनं दोन ओळी लिहाव्यात की म्हातारीचा हात गेला, दोन वर्षांमागेच गेला.

१०. आता कलम तीनचं कारण. वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रानं काही मिळतं त्याला साक्षीदार घेऊ नये. आणि साक्षीदारानं सही होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघावी लागते. मला तोंडानं सांगता येणार नाही, एकदा प्रयत्न करून बघितला. सही मात्र करावीच लागेल, आणि ती करताना माझा हात जसा आहे तसा दिसेल. म्हणून बोर्ड नाही, पेनं नाही, काही नाही. हिम्मतराव, तुम्हाला मी फक्त साक्षीला बोलावलं आहे. यायला नाही म्हणू नका.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे.

सही: मंगला श्रीनिवास परांडेकर

साक्षीदार १: डॉ. उदय जालनापूरकर, अंबरपेठ

साक्षीदार २: श्री. हिम्मतराव उदगीरकर, मलकपेठ (डाव्या हाताचा अंगठा)

वकिलाची नोंद: सही मलकपेठ येथे साक्षीदार क्र. २ यांच्या घरी झाली. लिहून ठेवणार मंगलाबाई यांना सहीस बराच वेळ लागला व हात सतत हलत होता. दोन्ही साक्षीदारांनी ती होताना समोर बसून पाहिली. साक्षीदार क्र. २ यांनी मधे नजर काढली नाही.

शेवटच्या पानावर सहीखाली शाईची एक रेघ आहे, ती खाडाखोड समजू नये. तिचा खुलासा असा. साक्षीदार क्र. २ यांनी अंगठ्यापूर्वी जागा आखून घेण्यासाठी खुणेनं आपली पट्टी मागितली. मी पाच सेंटीमीटर सांगितले. त्यांच्या मुलीनं पट्टी धरली व त्यांनी डाव्या हातानं रेघ ओढली. ती चार भरली. लिहून ठेवणार यांनी सर्वांना थांबवलं, पेन घेतलं आणि उरलेलं एक सेंटीमीटर स्वतःच्या हातानं पुरं केलं. तेवढा भाग वाकडा आहे.

साक्षीदार क्र. २ यांनी त्या वाकड्या भागावर बोट ठेवून विचारलं, "कधी. पासून?"

लिहून ठेवणार म्हणाल्या, "पहिल्या शीटपासून, हिम्मतराव."

यानंतर दोघांना काही वेळ देऊन मग अंगठा घेण्यात आला.

अॅड. प्रियदर्शिनी
मलकपेठ, हैदराबाद
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४